सोलापूर परिसरातील तलावकाठच्या खाण्यायोग्य रानभाज्या : ओळख, हंगाम आणि पाण्याची पारख

आदिलाकाठ (धागाकर्ता)

रानभाज्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक लेखन सह्याद्रीच्या पावसाळ्याला धरून असते. पहिला पाऊस झाला की टाकळा, कुर्डू, शेवळे, फोडशी, भारंगी ही नावे सुरू होतात आणि कृषी विभागाचा रानभाजी महोत्सवही ऑगस्टमध्ये भरतो. सोलापूरकरांनी ही माहिती जरूर वाचावी, पण ती आपल्या तलावांना लावू नये. आपल्याकडे पाऊस मुळात कमी आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो, त्यामुळे तलाव भरतात ते पावसाळा सरता सरता. दिवाळीनंतर पाणी हळूहळू मागे हटू लागते, ओला गाळ उघडा पडतो आणि माळावरचे गवत वाळून पांढरे झालेले असते त्या दिवसांत या ओल्या पट्ट्यात पालेभाजी उगवते. इतरत्र रानभाज्यांचा हंगाम संपतो तेव्हा आपल्या तलावकाठचा हंगाम सुरू होतो आणि पाण्याच्या मागोमाग तलावाच्या पोटाकडे सरकत तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. याविषयी एकत्रित माहिती कुठे दिसत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

जिल्ह्यात असे तलाव पुष्कळ आहेत. आदिला नदी अडवून १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरुख तलाव, ज्याला आपण सगळे हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो शहराला सर्वांत जवळचा. त्याशिवाय होटगीचा तलाव, मोहोळ तालुक्यातील आष्टीचा, सांगोल्याकडचा बुद्धिहाळचा आणि या सगळ्यांहून मोठा असा भीमेवरील उजनीचा जलाशय आहे. शहरातले सिद्धेश्वर आणि संभाजी हे तलाव मी मुद्दाम वेगळे ठेवतो. त्याचे कारण पुढे येईल.

काठावरून पाण्याकडे चालत गेले तर वनस्पती पट्ट्यापट्ट्याने बदलतात. सर्वांत बाहेरच्या, ओल उतरू लागलेल्या भागात घोळ, चिघळ, तांदुळजा, काटेमाठ, कुंजीर आणि रानचाकवत आढळतात. यांपैकी घोळीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ती सर्वाधिक मिळते आणि तिच्यात गफलतही सर्वाधिक होते. घोळीची पाने मांसल व गुळगुळीत असतात आणि फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात. देठ तांबूस असतो. फूल लहान, पिवळे असून ते ऊन चढल्यावर उमलते. तिच्यासारखीच जमिनीलगत पसरणारी दुसरी वनस्पती म्हणजे पांढरी घेटुळी. हिची पाने समोरासमोर येतात, पण जोडीतले एक पान मोठे आणि दुसरे लहान असते, आणि फूल पिवळे कधीच नसते. ते पांढरे किंवा गुलाबी असते. घेटुळीची कोवळी पाने काही ठिकाणी खातात, मात्र जून पानांनी पोट बिघडते, म्हणून नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तिसरी वनस्पती आहे जमिनीवर पसरणारी दुधी (दुधी भोपळा नव्हे, हे एक रानटी तण आहे). ती दुरून चिघळीसारखी दिसते, परंतु देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळीच्या किंवा चिघळीच्या देठातून स्वच्छ पाणी निघते. ही परीक्षा प्रत्येक मुठीला करावी, कारण या तिन्ही वनस्पती एकमेकींत मिसळून वाढतात.

घोळीची एक गोष्ट मला फार आवडते. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते, रात्री हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उजेडात ते आम्ल वापरते. त्यामुळे ताणातली घोळ सकाळी तोडली तर अधिक आंबट लागते आणि संध्याकाळी तोडली तर सौम्य. पानांत ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्लही असते, जे आपल्या रोजच्या पालेभाज्यांत इतक्या प्रमाणात मिळत नाही.

पाण्याच्या कडेच्या चिखलात काचरी, माका, नीरब्राह्मी आणि तालिमखाना उगवतात. तालिमखान्याच्या प्रत्येक पेऱ्याशी लांब, पिवळसर काटे असतात, त्यामुळे तो ओळखण्यात चूक होत नाही. त्याचा कोवळा पाला भाजीसाठी आणि बी पौष्टिक लाडवांसाठी वापरतात. प्रत्यक्ष पाण्यात नाळीची भाजी, पाणकणीस आणि काही ठिकाणी कमळ असते. कमळाचा कंद आणि बी दोन्ही खाण्याजोगे आहेत. शिंगाडा आपल्या बाजारात येतो तो बहुतांशी लागवडीचा असतो, म्हणून त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

आता पाण्याविषयी, जो या धाग्याचा मुख्य मुद्दा आहे. नाळीची भाजी, पाणकणीस, जलकुंभी यांसारख्या वनस्पती पाण्यातील व गाळातील जड धातू शोषून घेतात. पाणकणीस सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मुद्दाम लावतात ते याच गुणामुळे. उकळल्याने जंतू आणि कृमी मरतात, पण शिसे किंवा कॅडमियम भाजीतून निघून जात नाही. वस्तीने वेढलेल्या, सांडपाणी येणाऱ्या किंवा रंगवलेल्या मूर्तींचे विसर्जन होणाऱ्या तलावातील कोणतीही वनस्पती, ती कितीही ओळखीची आणि टवटवीत असली तरी, ताटात येऊ नये. शहरातील दोन्ही तलाव मी वेगळे ठेवले ते यासाठी. एकाच जातीची भाजी एका तलावावर अन्न असते आणि दुसऱ्यावर नसते. म्हणून वनस्पती ओळखण्याआधी त्या तलावात कोणते ओढे आणि नाले येऊन मिळतात, हे काठाने फिरून पाहावे.

आपापल्या गावच्या तलावावर काय उगवते, कोणत्या महिन्यात उगवते आणि घरात ते कसे करतात, हे सर्वांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

पूर्वभागातली

अतिशय उपयुक्त धागा आहे. आपण काचरी म्हणून ज्या भाजीचा ओझरता उल्लेख केला आहे, तिला आमच्या तेलुगू भाषक पद्मशाली घरांमध्ये पोन्नगंटी कूर म्हणतात आणि ती आमच्याकडे रानभाजी म्हणून नव्हे, तर नेहमीची भाजी म्हणून खाल्ली जाते. माझ्या सासूबाई ती मुगाची डाळ घालून परतून करतात. कधी तुरीच्या डाळीत घालून पप्पू करतात. डोळ्यांसाठी चांगली म्हणून लहान मुलांना आणि वृद्धांना ती आवर्जून वाढली जाते. तिची चव पालकापेक्षा कोरडी आणि थोडी मातकट असते, आणि लसणाची फोडणी तिला फार शोभते.

ओळखण्याविषयी सासूबाईंनी शिकवलेली खूण सांगते. पाने समोरासमोर असतात आणि पानाच्या बगलेत, देठाला अगदी चिकटून, पांढऱ्या चकचकीत फुलांचे छोटे गोळे येतात. फुलांचा गोळा लांब दांडीवर उभा असेल आणि खोड जाड व पोकळ असेल, तर ती आमची भाजी नव्हे, असे त्या म्हणतात.

माझी अडचण अशी की शहराच्या पूर्व भागात भाजीवाल्या बायका ही जुडी विकायला आणतात, पण ती कोणत्या पाण्यावरची आहे हे समजत नाही. विचारले तर “मळ्यातली आहे” एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी काय करावे?

---

आदिलाकाठ

ताई, खूण अगदी अचूक आहे. दांडीवर उभे फूल आणि पोकळ खोड असलेली वनस्पती म्हणजे काचरीचीच दक्षिण अमेरिकेतून आलेली बहीण. ती पाण्यावर गालिच्यासारखी पसरते आणि बहुधा सांडपाण्याच्या जागी माजते. ती दिसली तर त्या पाण्याची अवस्था काय असेल, याचा अंदाज करता येतो.

जुडीचा उगम समजत नसेल तर माझा सल्ला असा की पोन्नगंटी घरीच लावावी. विकत आणलेल्या जुडीतील जून, पेऱ्यांचे देठ बाजूला काढून कुंडीत किंवा पसरट टोपलीत चांगल्या मातीत खोचले तर प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात. पहिला फुटवा खुडून टाकावा, त्यानंतरचा खावा. तिला ओल सतत लागते, एवढे सांभाळले की सोलापूरच्या उन्हातही सावलीच्या कडेला ती चांगली तग धरते.

---

गाळपेर_करमाळा

आम्ही उजनीच्या काठचे शेतकरी आहोत. पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीत आम्ही गाळपेर करतो. हरभरा, ज्वारी, मका, काकडी, कलिंगड जे साधेल ते घेतो. धरण मायनसमध्ये गेले, म्हणजे मृतसाठ्याला लागले, की एरवी कधी न दिसणारी जमीनही उघडी पडते. या गाळात खत न घालता जो रानचाकवत येतो, तसा तो वरच्या रानात येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पाने तळहाताएवढी होतात. आमच्या घरी वेळ अमावस्येच्या भज्जीमध्ये मेथीसोबत हा चाकवत आणि थोडी घोळ घालतातच.

दोन गोष्टी मात्र शहरातून भाजी खुडायला येणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की गाळपेरीवर आता तणनाशक सर्रास मारले जाते, आणि घोळ, तांदुळजा, चाकवत, कुंजीर या तुमच्या रानभाज्या शेतकऱ्याच्या हिशेबी तणच असतात. फवारा झाल्यावर पहिले काही दिवस पाला हिरवागारच दिसतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी समजत नाही. म्हणून बांधावर जो कोणी असेल त्याला विचारल्याशिवाय एक पानही तोडू नये. विचारले तर कोणी नाही म्हणत नाही, उलट फवारा न झालेला तुकडा दाखवतो. दुसरी गोष्ट, गाळ वरून कोरडा दिसला तरी खाली दलदल असते. पाण्यालगतच्या पट्ट्यात जनावर रुतते, माणूसही रुततो. तडे गेलेल्या गाळाच्या पलीकडे, ओलसर चकाकी दिसते तिथे, एकट्याने उतरू नये.

उजनीच्या पाण्याविषयीही स्पष्ट लिहितो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून आमच्याकडे येते, हे काही लपलेले नाही. आम्ही चाकवत आणि घोळ खातो ती वरच्या, लवकर उघड्या पडलेल्या गाळावरची. पाण्यातली नाळ आम्ही आता खात नाही. आमचे वडील खात असत.

---

सरोज_जुळेसोलापूर

संभाजी तलावाच्या कडेला ब्राह्मी भरपूर आहे असे फिरायला येणारे एक गृहस्थ म्हणाले. आईच्या स्मरणशक्तीसाठी तिचा ताजा रस द्यावा असा विचार होता. वरील चर्चा वाचून थांबले आहे. रस काढण्याऐवजी वाळवून चूर्ण केले तर चालेल का?

---

आदिलाकाठ

सरोजताई, कृपया देऊ नये. वाळवल्याने पाणी निघून जाते आणि धातू तेवढेच राहतात, म्हणजे चमचाभर चूर्णात त्यांचे प्रमाण उलट वाढते. नीरब्राह्मी धातू साठवणाऱ्या वनस्पतींपैकीच आहे. रोपवाटिकेतून रोप आणून कुंडीत लावावे. आणताना पाहून घ्यावे, कारण गोल, वाटोळ्या पानांची मंडूकपर्णीसुद्धा ब्राह्मी या नावाने विकतात. नीरब्राह्मीची पाने लहान, जाडसर, चमच्याच्या आकाराची असतात, फूल पांढरे किंवा फिकट जांभळे असते आणि चव स्पष्ट कडू असते. आईंना इतर औषधे सुरू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

---

परागकण

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. धाग्यातील माहितीत दोन धोक्यांची भर घालणे मला आवश्यक वाटते, कारण दोन्ही वनस्पती आपल्या प्रत्येक तलावावर आहेत.

पहिली बेशरम. नाळीची भाजी आणि बेशरम एकाच कुळातील, एकाच प्रजातीतील (जीनसमधील) पण निराळ्या जाती आहेत; दोघींची फुले नरसाळ्यासारखी. “खोड पोकळ असले म्हणजे नाळ” अशी खूण अनेक जण सांगतात, आणि ती घातक आहे, कारण बेशरमचे खोडही पोकळ असते. चीकही दोघींना असतो. खरा फरक वाढीत आहे. नाळ पाण्यावर तरंगते किंवा चिखलावर सरपटते, तिच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात आणि पान बाणाच्या टोकासारखे असते. बेशरम झुडपासारखी ताठ उभी राहते, माणसाच्या उंचीच्या वर जाते आणि पान लांबट हृदयाकृती असते. तिच्यातील स्वेन्सोनिन या विषाने शेळ्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. भुकेपोटी बेशरम खाणाऱ्या शेळ्या लडखडू लागतात, हे काठावरच्या पशुपालकांना ठाऊक असते. अडचण येते ती पाण्याच्या कडेला नुकत्याच फुटलेल्या बेशरमच्या कोवळ्या कोंबांत. म्हणून नाळ खुडताना वेल हातात धरून मुळापर्यंत पाहावी, नुसता शेंडा तोडू नये.

दुसरी वनस्पती शंकेश्वर, आणि ही मला बेशरमपेक्षा अधिक भयंकर वाटते. कपड्यांना व जनावरांच्या केसांना चिकटणारी अंडाकृती काटेरी फळे सर्वांनी पाहिली आहेत, तीच ही. पाणी ओसरलेल्या गाळावर तिची रोपे दाट गादीसारखी उगवतात आणि नेमकी याच अवस्थेत ती सर्वाधिक विषारी असतात, कारण विष बियांत आणि बीजपत्रांत, म्हणजे रुजताना फुटणाऱ्या पहिल्या दोन पानांत, साठलेले असते. २००७ मध्ये बांगलादेशातील सिल्हेट भागात पुरानंतरच्या अन्नटंचाईत लोकांनी शंकेश्वराची कोवळी रोपे भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १९ दगावले. हे विष पेशींची ऊर्जानिर्मितीच रोखते आणि यकृतावर आघात करते. बीजपत्रे लांबट, जाड, पट्टीसारखी आणि चकचकीत असतात. त्यानंतरची खरी पाने खरखरीत व दातेरी येतात. एका फळात दोन बिया असतात आणि बहुधा एक या हंगामात, तर दुसरी नंतर रुजते, त्यामुळे उपटून काढलेल्या जागीही ती पुन्हा येते.

पाणकणसाविषयी धागाकर्त्यांनी थोडक्यात लिहिले आहे. कोवळ्या कोंबाचा पांढरा गाभा आणि पराग जगात अनेक ठिकाणी खातात, पण आपल्याकडे तशी रूढी नाही, आणि धातू शोषण्याचा तिचा गुण पाहता ती नव्याने सुरू करू नये असे माझे मत आहे.

---

माळावरचे_आजोबा

परागकण सरांनी शंकेश्वराविषयी जे लिहिले, ते वाचून आमच्या आईची शिकवण आठवली. “दोन पानांचे रोप भाजीत नको, चार पाने फुटून ओळख पटल्याशिवाय हात लावायचा नाही,” असे ती सांगत असे. त्यामागचे कारण तिने कधी सांगितले नाही. आम्ही ते पाळत आलो.

१९७२ च्या दुष्काळात मी तरुण होतो. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, सुकडी आणि लाल मिलो खायचा, आणि परतताना आटत चाललेल्या तलावाच्या पोटातून जे मिळेल ते आणायचे. त्या काळात आम्हाला घोळ आणि कुंजीर यांनी तारले, असे मी शब्दशः म्हणतो. भाकरी मिलोची, चवीला कडवट, पण सोबत घोळीचे आंबट कालवण असले की ती घशाखाली उतरे. दुष्काळ संपल्यावर अनेक घरांत या भाज्या गरिबीची आठवण म्हणून बंद झाल्या. याचे मला वाईट वाटते, कारण भाजीचा त्यात काही दोष नव्हता.

आमच्या घरची रीत देतो. घोळ भरपूर पाण्यात तीन-चार वेळा धुवावी, कारण गाळ पानांच्या बगलेत बसतो. देठांसह चिरून उकळत्या पाण्यात थोडा वेळ शिजवावी आणि ते पाणी ओतून टाकावे. हरभऱ्याची डाळ आधी भिजवून मऊ शिजवून घ्यावी. आंबट ताकात ज्वारीचे पीठ कालवून, घोळ आणि डाळ त्यात घालून मंद आचेवर ढवळत राहावे, नाहीतर ताक फुटते. वरून तेलात लसूण, जिरे आणि सुक्या लाल मिरच्यांची फोडणी द्यावी. आमच्याकडे उतरवताना शेंगदाण्याचा कूट घालतात. कडक भाकरी कुस्करून त्यावर हे ओतले की दुसरे काही लागत नाही. चिघळ मात्र उकडून पाणी टाकण्याइतकी मोठी नसते. ती तशीच कांद्यावर परतावी आणि थोडीच खावी.

---

दवाखाना_मंगळवेढा

आजोबांच्या पाककृतीत जे दोन टप्पे आहेत, त्यांना वैद्यकीय आधार आहे, म्हणून थोडे लिहितो. घोळ, चाकवत, तांदुळजा यांत ऑक्झलेट पुष्कळ असते. उकळून पाणी टाकल्याने त्यातील विरघळणारा भाग बराच कमी होतो. उरलेल्या ऑक्झलेटशी ताकातील कॅल्शियम आतड्यातच बांधले जाते, त्यामुळे ते रक्तात कमी शोषले जाते. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र ताक घातले म्हणून निर्धास्त होऊ नये. या भाज्या त्यांनी टाळलेल्या बऱ्या.

कच्च्या खाण्याविषयी अधिक आग्रहाने सांगतो. हल्ली घोळ कोशिंबिरीत कच्ची घालण्याची पद्धत शहरांत दिसते. स्वतःच्या कुंडीतील घोळीला ती ठीक आहे, तलावकाठच्या घोळीला नाही. गाई-म्हशी-शेळ्यांच्या यकृतात होणाऱ्या चपट्या कृमीची अंडी शेणावाटे पाण्यात जातात, पाण्यातील गोगलगायींत त्यांची वाढ होते आणि पुढे त्यांच्या अळ्या पाण्याकाठच्या पानांवर कोश करून चिकटून राहतात. कोश नुसत्या धुण्याने निघत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. नीट शिजवल्याने मात्र नष्ट होतो. ताजा शिंगाडा दातांनी सोलण्याची सवयही याच कारणाने सोडावी. ज्या काठावर जनावरे पाण्यावर येतात, म्हणजे आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक काठ, तेथील कोणताही पाला पूर्ण शिजवूनच खावा.

---

विवेक_सात_रस्ता

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण मला एक मूलभूत शंका मांडायची आहे. विषारी साम्य असलेल्या वनस्पती, तणनाशके, जड धातू, कृमी, दलदल हे सगळे धोके आपणच वर लिहिले आहेत. मंडईत स्वच्छ मेथी आणि पालक मिळत असताना सर्वसामान्य माणसाने या वाटेला का जावे? असे धागे वाचून कोणी अर्धवट माहितीवर भाजी खुडली आणि अपाय झाला, तर त्याची जबाबदारी कोणाची?

---

आदिलाकाठ

विवेकजी, शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर टाळू नये. मंडईतील पालक कोणत्या पाण्यावर वाढला, हे आपल्याला माहीत नसते. शहरालगत नाल्याच्या पाण्यावर पालेभाज्या काढल्या जातात, हे आपण सर्व जण पाहतो. तलावकाठी निदान पाणी, जनावरे, फवारा आणि शेजारचा नाला डोळ्यांसमोर असतो आणि नको म्हणण्याचा निर्णय आपल्या हातात असतो. मी कोणालाही रोजची भाजी म्हणून तलावावर जा असे सांगत नाही. परंतु आजही या जिल्ह्यात अनेक घरांतील बायका शेतातून परतताना ओटीत घोळ आणि चाकवत घेऊन येतात. त्या थांबणार नाहीत आणि त्यांनी थांबू नये. मात्र त्यांच्या लहानपणी या काठावर तणनाशकही नव्हते आणि आजच्याइतके सांडपाणीही नव्हते, त्यामुळे त्यांच्या जुन्या ज्ञानाला या नव्या माहितीची जोड मिळणे निकडीचे आहे. धोके लपवून लिहिलेला धागा अपायकारक ठरला असता. ते सांगून लिहिलेला धागा उपयोगाचा आहे, असे मी मानतो.

नवख्यांसाठी माझी विनंती एवढीच की पहिल्या हंगामात फक्त घोळ शिकावी. तीसुद्धा गावातील जाणत्या बाईबरोबर प्रत्यक्ष जाऊन, हाताने मोडून, फूल पाहून. भ्रमणध्वनीवर छायाचित्र दाखवून नाव सांगणाऱ्या अॅपवर भाजी ठरवू नये. कोवळ्या रोपांत ती हमखास चुकतात. इथेही कोणी छायाचित्र टाकून “हे खाऊ का?” असे विचारले तर मी नाव सांगेन, पण खा असे सांगणार नाही.

---

गाळपेर_करमाळा

धागाकर्त्यांशी सहमत आहे. एक भर घालतो. कलिंगडाच्या वाफ्यालगतची घोळ फार जोमदार असते, पण तिथे रासायनिक खत पाण्यातून दिलेले असते आणि असा पाला नायट्रेट साठवतो. भाजीसाठी पडीक तुकड्यावरची, थोडी खुरटी घोळ घ्यावी. तिची चवही अधिक चांगली असते.

---

पूर्वभागातली

पोन्नगंटीचे देठ पसरट टोपलीत लावले आहेत आणि त्यांना पाने फुटली आहेत. पहिला फुटवा खुडून टाकते. एक विचारायचे राहिले. पाणकणसाच्या दाटीत पाणकोंबड्यांची घरटी असतात असे ऐकले आहे. नाळ किंवा कमळाचे बी काढायला माणसे पाण्यात उतरतात, तेव्हा त्यांना त्रास होत नाही का?

---

परागकण

होतो. पाणकोंबड्या मुख्यतः पावसाळ्यात घरटी करतात, आणि आपल्याकडे खुडणीचा हंगाम हिवाळ्यात असल्याने हा संघर्ष पुष्कळसा आपोआप टळतो. परंतु टिटवी आणि चिखली यांसारखे पक्षी उन्हाळ्याच्या तोंडाला उघड्या गाळावर, खड्यांच्या रंगाची अंडी जमिनीवरच घालतात, आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. मार्चपासून पुढे एखादी टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर त्या तुकड्यातून आल्या पावली मागे फिरावे आणि भाजी दुसरीकडे पाहावी. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत तर कोणतीही वनस्पती तोडण्यास कायद्यानेच मनाई आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

---

आदिलाकाठ

सरांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. खुडणी फेब्रुवारीअखेर थांबवली तर पक्षी आणि भाजी दोन्हींचे भले होते, कारण मार्चनंतर घोळ फुलून बी धरते आणि त्याच बियांवर पुढच्या वर्षीचा काठ अवलंबून असतो. आष्टी आणि बुद्धिहाळच्या काठावरील कोणी सभासद असल्यास तिकडे काचरी आणि तालिमखाना कोणत्या महिन्यात दिसतात ते कळवावे. त्या बाजूच्या नोंदी अद्याप आलेल्या नाहीत.